उंदरावर सिद्ध झाले, रुग्णाचे काय?

अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क दिल्याने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरली, तमुक पानांच्या रसाने त्यांच्या जखमा लवकर भरून आल्या, या स्वरूपाचे संशोधन आज इतके विपुल झाले आहे की त्यात नवल असे काही उरलेले नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके आणि पदव्युत्तर प्रबंध अशा निष्कर्षांनी भरलेले असतात. आपल्या व्यवसायात त्यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. पहिली हर्षाची : आयुर्वेदावर विज्ञानाने शिक्कामोर्तब केले! दुसरी उपेक्षेची : उंदराला कसली प्रकृती आणि कसला कोष्ठ, त्यावरच्या प्रयोगाशी वैद्याला काय देणेघेणे? या दोन्ही प्रतिक्रिया सोयीच्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मताची कारणे वैद्यबंधूंपुढे मांडावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

हे लिहिताना आमच्या दृष्टीसमोर महाविद्यालयाची प्रयोगशाळा नसून धुळे-सोलापूर महामार्गावरील तेरखेड्यासारख्या गावातला दवाखाना आहे. वाशी तालुक्यातील हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी ओळखले जाते. भोवती बालाघाटचे माळ आणि कोरडवाहू शेती. येथे येणारा रुग्ण मधुमेहाच्या गोळ्या आधीपासून घेत असतो आणि वर एखाद्या पाल्याचे चूर्णही त्याच्या खिशात असते. भाजलेल्या हातावर कुणीतरी पाला वाटून बांधलेला असतो. पावसाळ्यात सर्पदंश होतो. 'उंदरावर सिद्ध' या दोन शब्दांचा खरा भार अशा दवाखान्यात जाणवतो, कारण त्या शब्दांवर विसंबून कोणी गोळी बंद करतो, तर कोणी रुग्णालयात उशिरा पोहोचतो.

परळचे दोन निष्कर्ष

पानांचे औषधी गुण प्राण्यांवर तपासण्याचे काम महाराष्ट्रात अलीकडे सुरू झाले, असा समज आहे. तो खरा नाही. मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. त्याच संस्थेत डॉ. के. एस. म्हसकर आणि जेझुइट धर्मगुरू व औषधिशास्त्रज्ञ जे. एफ. कायस या दोघांनी देशी वनौषधींची पद्धतशीर तपासणी हाती घेतली. हे दोघे वनौषधींचे विरोधक मुळीच नव्हते. कीर्तिकर आणि बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील जो ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकांत ब्लॅटर यांच्यासह याच दोघांची नावे आहेत.

म्हसकर आणि कायस यांनी १९३० साली गुडमारीवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. तिला मधुनाशिनी म्हणतात. आपल्याकडे काही भागांत कावळी, बेडकी अशीही नावे आहेत. तिची पाने चघळल्यावर साखरेची गोडी काही काळ कळत नाही, ही गोष्ट जुनीच. डेव्हिड हूपर यांनी १८८७ साली पानांतील या गुणाला कारण असलेले गिम्नेमिक आम्ल वेगळे केले होते. म्हसकर-कायस यांनी पुढचा प्रश्न विचारला : जिभेवरची गोडी मरते, ते ठीक, रक्तातील शर्करेचे काय? प्रायोगिक प्राण्यांत या पानांनी रक्तशर्करा उतरते आणि त्यामागे स्वादुपिंडाच्या स्रावाला मिळणारी चालना असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुडमारीविषयीच्या आजच्या बहुतेक लेखांचा आरंभ याच प्रबंधाच्या उल्लेखाने होतो.

त्यानंतर लगेच, १९३१ साली, त्याच दोघांचा दुसरा प्रबंध आला. सर्पदंशावर म्हणून देशभर वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी प्राण्यांवर सर्पविषाविरुद्ध तपासल्या होत्या. त्यांपैकी एकही वनस्पती विषाला प्रतिबंधक, उतारा किंवा उपचार म्हणून उपयोगी ठरली नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे नोंदविले.

संस्था तीच, संशोधक तेच, पद्धतीचा काटेकोरपणाही तोच. आपण मात्र पहिला निष्कर्ष डोक्यावर घेतला आणि दुसरा विसरलो. गुडमारीच्या गौरवासाठी ज्या प्रयोगशाळेची साक्ष आपण काढतो, तिचीच साक्ष सर्पदंशाच्या पाल्याबाबत नाकारतो. हा न्याय नव्हे. प्राण्यांवरील प्रयोग प्रमाण मानायचा असेल तर त्याचा 'नाही' हा निकालही मानावा लागेल. तो मानायचा नसेल, तर 'होय' या निकालाची जाहिरात करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.

मात्रेचा हिशेब

आता अशा प्रबंधांतील आकड्यांकडे वळू. एक परिभाषेची बाब आधी स्पष्ट केली पाहिजे. वृत्तपत्रे ज्याला 'अर्क' म्हणतात तो आपला अर्क नव्हे. आपला अर्क ऊर्ध्वपातनाने मिळतो. प्रयोगशाळेत मात्र पाने वाळवून, भरड करून, पाणी, अल्कोहोल, मिथेनॉल किंवा हेक्झेन यांत भिजवून वा तापवून विद्राव्य भाग काढतात आणि द्रव उडवून घन उरवितात. प्रचलित शब्द म्हणून येथेही 'अर्क' हाच ठेवला आहे.

असंख्य प्रबंधांत या अर्काची मात्रा किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशी असते. हा आकडा मनुष्याच्या भाषेत आणला तर काय होते? किलोमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला २४ ग्रॅम, असा त्रैराशिकाचा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. लहान प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने वेगवान असतो, म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात मात्रा बदलावी लागते. मोठ्या उंदराच्या मात्रेला ६.२ ने आणि लहान उंदराच्या मात्रेला १२.३ ने भागण्याचा संकेत सर्वमान्य आहे. त्यानुसार मोठ्या उंदरातील किलोमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे माणसात किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला सुमारे ३.९ ग्रॅम अर्क झाला.

हिशेब येथे संपत नाही. शंभर ग्रॅम वाळल्या पानांतून दहा ग्रॅम अर्क मिळतो असे धरले, तर ३.९ ग्रॅम अर्कासाठी ३९ ग्रॅम वाळला पाला लागेल, आणि तोही रोज. आपण रुग्णाला पानांचे चूर्ण देतो ते ३ ते ६ ग्रॅम. म्हणजे प्रयोगातील उंदराला आपल्या चूर्णाच्या सहा ते तेरा पट द्रव्य मिळालेले असते. 'आमचे चूर्ण उंदरावर सिद्ध झाले आहे' असे म्हणणाऱ्याने हा साधा गुणाकार करून पाहावा. सिद्ध झाले ते दुसऱ्याच कल्पनेचे आणि दुसऱ्याच मात्रेचे.

कल्पनेचा भेद आपल्याला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पंचविध कषायकल्पना शास्त्रकारांनी उगाच वेगळ्या केलेल्या नाहीत. शार्ङ्गधराने स्वरस गुरू म्हणून त्याची मात्रा अर्धा पल सांगितली आणि क्वाथाची व चूर्णाची वेगळी. एकाच पानाचे पाण्यातले आणि हेक्झेनमधले सार ही रासायनिकदृष्ट्या दोन वेगळी द्रव्ये आहेत. त्यातही काही प्रयोगांत अर्क सुईने थेट उदरपोकळीत दिला जातो. तेथे जाठराग्नीचा संबंधच येत नाही. अशा प्रयोगाचे फलित मुखावाटे घेण्याच्या काढ्याला लावणे हे आयुर्वेदालाही मान्य होणार नाही आणि आधुनिक औषधिशास्त्रालाही नाही.

उंदीर काय सांगतो, काय सांगत नाही

मधुमेही उंदीर बहुधा जन्मतः मधुमेही नसतो. त्याला स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अलॉक्झान टोचतात. ही विषद्रव्ये स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश करतात. आपल्याकडे येणारा मध्यमवयीन, स्थूल, कफ-मेदोदुष्टी असलेला रुग्ण या मार्गाने मधुमेही झालेला नसतो. त्याच्यात प्रारंभी इन्सुलिन असते, पण ते नीट काम करीत नाही. म्हणून उंदरातील यश हे रुग्णाबाबतचा प्रश्न उपस्थित करण्याइतपतच बळ देते.

तो प्रश्न पुढे नेण्याचे काम मद्रास विद्यापीठात शण्मुगसुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांत गुडमारीच्या पानांच्या एका जलविद्राव्य अर्काने २० दिवसांत आणि दुसऱ्याने ६० दिवसांत उपाशीपोटीची शर्करा पूर्वपदावर आली, तसेच बीटा पेशींची संख्या वाढली, असे त्यांना आढळले. ते तेथे थांबले नाहीत. इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या २२ मधुमेही रुग्णांना त्यांनी नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. शर्करा घटली, अनेकांच्या गोळ्यांची मात्रा कमी करता आली आणि पाच रुग्णांच्या गोळ्या पूर्ण थांबल्या.

आमच्या मते अभ्यासावे असे उदाहरण हे आहे. प्राण्यावरून माणसापर्यंतची पायरी येथे प्रत्यक्ष चढली गेली. पण त्यातील मर्यादाही डोळ्यांआड करू नयेत. रुग्ण बावीसच होते. अर्क नेहमीच्या औषधांच्या जोडीने दिलेला होता. बावीसपैकी सतरा जणांच्या गोळ्या थांबल्या नाहीत. आणि ज्यांच्या थांबल्या, त्या रक्ततपासणी करीत, वैद्यकीय देखरेखीखाली थांबल्या. 'गुडमारने गोळी सुटते' एवढे एकच वाक्य या अभ्यासातून उचलणे म्हणजे त्याचा विपर्यास होय.

येथे एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. रक्तशर्करा खरोखरच उतरविणारे द्रव्य आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला दिले तर शर्करा प्रमाणाबाहेर उतरू शकते. ऊसतोडीला जाणारा, भर उन्हात राबणारा, जेवणाची वेळ न पाळता येणारा मजूर अशा वेळी घाम, कंप, भोवळ येऊन कोसळू शकतो. 'वनस्पती आहे, अपाय नाही' या बोधवाक्याचा येथे उपयोग नाही. गुडमारीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याची एका रुग्णाची नोंदही २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. एका नोंदीवरून द्रव्य त्याज्य ठरत नाही, पण वैद्याने कावीळ, अरुची, थकवा यांकडे लक्ष ठेवावे इतके तीवरून नक्की ठरते.

द्रव्याच्या ओळखीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. मेषशृंगी म्हणजे गुडमारीची वेल, असे एक मत. आपल्या महाराष्ट्रात मेडशिंग या नावाचा, शेळीच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांचा वृक्ष आहे, आणि तीच मेषशृंगी असे दुसरे मत. एक वेल, दुसरा वृक्ष, कुळेही भिन्न. सुश्रुताच्या वरुणादि गणात मेषशृंगी आहे, पण ती नेमकी कोणती, यावर द्रव्यगुणाच्या अभ्यासकांत वाद आहे. ग्रंथातील मेषशृंगीचे गुण, प्रयोगशाळेतील गुडमारीचे आकडे आणि बाजारातील मेडशिंगाचा पाला, या तिघांची मोट बांधून रुग्णाला पुडी दिली जात असेल तर ती कोणत्याच शास्त्राला धरून नाही. नाव, रूप आणि योग ही तिन्ही अंगे जाणणारा तोच औषधींचा खरा जाणकार, अशी चरकाची धारणा आहे. तिची आठवण येथे व्हावी.

इशारा देणारा प्रयोग

प्राण्यांवरील प्रयोगाने गुण सिद्ध झाला की आपण त्याचे स्वागत करतो. त्याचा अधिक मोलाचा उपयोग मात्र वेगळाच आहे : तो धोक्याची सूचना देतो. याचे उत्तम उदाहरण घरोघरच्या अडुळशाचे. कासश्वासात अडुळशाची पाने आपण निःशंकपणे वापरतो. त्यांतील व्हॅसिसिन या द्रव्यापासून प्रेरणा घेऊन ब्रोम्हेक्झीन हे आधुनिक कफनाशक तयार झाले, हा आपल्या अभिमानाचा विषय. परंतु जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत प्राण्यांवर झालेल्या कामातून याच व्हॅसिसिनने गर्भाशयाचे आकुंचन होते आणि गर्भपात घडू शकतो, हेही दिसून आले. गर्भिणीचा खोकला आणि घरचा अडुळशाचा काढा यांची गाठ पडते तेव्हा हा दुसरा भाग वैद्याला ठाऊक असलाच पाहिजे. अभिमानाचा भाग ठाऊक नसला तरी रुग्णेचे काही बिघडत नाही.

उलट काही बाबतींत उंदीर मुळातच साक्षीला अपात्र आहे. उंदराला वांती होत नाही. तेव्हा वामक द्रव्याचा विचार त्याच्यावर कसा करणार? उंदीर स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतो, माणूस करू शकत नाही. आणि तेरखेड्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची त्वचा. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की त्या थरामुळे कडा वेगाने आकुंचन पावून जवळ येतात. माणसाची जखम मुख्यत्वे नवे मांस भरून आणि वरून त्वचेचा पापुद्रा पसरून बरी होते. एकदांडी किंवा कंबरमोडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी पाल्याच्या रसाचे उंदरांच्या जखमांवरील प्रयोग गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून होत आले आहेत आणि त्यांत अनुकूल निष्कर्षही आहेत. ही वनस्पती अमेरिका खंडातून आलेली असल्याने संहितांत तिचा शोध घेण्यात अर्थ नाही. लोकव्यवहाराने तिला स्वीकारले आहे. पण 'उंदराची जखम इतक्या दिवसांत आक्रसली' या वाक्यावरून फटाक्याच्या दारूने भाजलेल्या हातावर बांधावरचा पाला वाटून बांधणे समर्थनीय ठरत नाही. प्रयोगशाळेतील रस स्वच्छ केलेला असतो, बांधावरच्या पाल्याला माती चिकटलेली असते, आणि भाजलेली त्वचा जंतूंना मोकळे दार असते. भाजल्यावर प्रथम स्वच्छ, थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे भाग धरावा, स्वच्छ कापडाने झाकावा आणि रुग्णाला पुढे पाठवावे. पाल्याचा विचार नंतर, तोही व्रण पाहून.

सर्पदंशाबाबत संदिग्धता नको

सर्पदंशाविषयी तर आम्ही अधिक कठोर भाषा वापरू इच्छितो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे.

असे असताना अलीकडेही काही प्रबंधांत 'अमुक पानांच्या अर्काने उंदरांत सर्पविष निष्प्रभ झाले' असे निष्कर्ष येतात. त्यांतील पद्धत वाचकाने बारकाईने पाहावी. पुष्कळदा विष आणि अर्क आधी परीक्षानळीत एकत्र ठेवून मग ते मिश्रण प्राण्याला टोचलेले असते. पानांतील कषाय द्रव्ये प्रथिनांना साकळवितात आणि सर्पविष हे मुख्यतः प्रथिनच. तेव्हा नळीत ते निष्प्रभ होण्यात आश्चर्य नाही. पण साप चावताना विषात पाल्याचा रस मिसळून चावत नाही. दंशानंतर विष शरीरात पसरले असताना पोटातून दिलेला रस काय करतो, हा खरा प्रश्न. म्हसकर-कायस यांनी शेकडो वनस्पतींच्या तपासणीनंतर दिलेले उत्तर बाजूला सारण्याइतका पुरावा आजतागायत पुढे आलेला नाही. म्हणून आपल्यापैकी कोणाच्याही दवाखान्यात सर्पदंशाच्या रुग्णाला पाला देण्यासाठी एक मिनिटही जाऊ नये. अगदतंत्राचा अभिमान बाळगणाऱ्याने तर तो अधिक कटाक्षाने पाळावा.

मुक्या जिवांचा हिशेब

आणखी एक बाजू आपल्या चर्चांत क्वचितच येते. प्रत्येक प्रबंधामागे काही डझन उंदीर किंवा ससे मारले जातात. प्राण्यांच्या आचरणाचे निरीक्षण आपल्या परंपरेला नवे नाही. विषयुक्त अन्नाच्या परीक्षेत चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो, पोपट-मैना ओरडू लागतात, मोर उत्तेजित होतो, ही लक्षणे सुश्रुताने कल्पस्थानात नोंदली आहेत. परंतु निरीक्षण वेगळे आणि तेच सिद्ध करण्यासाठी तोच प्रयोग शंभरदा करणे वेगळे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा, आणि प्रयोगांचे नियमन करणारे नियम १९९८ चे. प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरावी, संख्या कमी करावी आणि वेदना घटवाव्यात, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच मांडली. भारतानेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांवाचूनच्या पद्धतींना वाट करून दिली.

अशा काळात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तोच पाला, तोच विद्रावक, तीच २००-४०० ची मात्रा आणि तोच स्ट्रेप्टोझोटोसिनचा उंदीर घेऊन प्रबंध व्हावेत, हे आम्हांस विद्येलाही आणि दयेलाही सोडून वाटते. पदवीसाठी प्रबंध आवश्यक आहे, हे मान्य. मग तो द्रव्याच्या ओळखीवर, ऋतुमानाने पानांच्या गुणांत होणाऱ्या बदलावर किंवा बाजारातील भेसळीवर का असू नये? आपल्या माळरानावरचे मेडशिंग आणि गुडमार यांतील गोंधळ सोडवणारा एक प्रबंध दहा उंदीर-प्रबंधांपेक्षा वैद्याच्या अधिक उपयोगी पडेल.

आपण काय करावे

केवळ टीका करून थांबणे उचित नव्हे, म्हणून काही सूचना करतो.

पहिली सूचना वाचनाविषयी. असा निष्कर्ष हाती आला की पाच गोष्टी पाहाव्यात : वनस्पतीची ओळख कोणी, कशी पटविली, विद्रावक कोणता, मात्रा माणसात किती होते, मार्ग मुखाचा की सुईचा, आणि प्राण्यातील व्याधी आपल्या रुग्णाच्या व्याधीशी किती जुळते. या पाचांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर तो कागद रुग्णाला दाखवू नये.

दुसरी सूचना भाषेविषयी. 'संशोधनाने सिद्ध' असे दवाखान्यातील फलकावर वा पत्रकात लिहू नये. उंदरावर सिद्ध असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यान्वये निषिद्धच आहे.

तिसरी सूचना नोंदींविषयी, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पाल्याचे औषध देताना रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे विचारून लिहावे. आरंभीची आणि तीन महिन्यांनंतरची उपाशीपोटीची शर्करा व तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी नोंदवावी. गोळी कमी करण्याचा निर्णय ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. अपाय दिसला तर तो लपवू नये. आयुर्वेदीय औषधांच्या अपायांची नोंद घेणारी राष्ट्रीय औषधदक्षता यंत्रणा २००८ पासून उभी आहे आणि तिला खेड्यातील वैद्याकडून कळविले जाणे अपेक्षितच आहे.

खेड्यातल्या नोंदींना कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. त्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण आठवावे. कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा यांची त्यांनी नेमाने नोंद ठेवली. प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशातील उपयोग त्यातून पुढे आला आणि लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती आणि ती प्रामाणिक होती.

आपल्याजवळ उंदीर नाहीत, हे एका अर्थी बरेच आहे. आपल्याजवळ रुग्ण आहेत, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. अपरिचित औषध विष, शस्त्र, अग्नी आणि विजेसारखे असते आणि परिचित औषध अमृतासारखे, असे चरकाने म्हटले आहे. तो परिचय उंदरापासून सुरू होऊ शकतो, पण पूर्ण होतो तो रुग्णाच्या नोंदीत. ती नोंद ठेवण्याचे काम तेरखेड्यातही होऊ शकते आणि प्रत्येक शाखेतही. संघटनेने येत्या वर्षी एक समान नोंदपत्रक तयार करून सर्व सभासदांकडे पाठवावे आणि गुडमारीपासून आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.